संघाआधी पंच पाठवा

प्रति,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, महाराष्ट्र आणि गोव्याच्या राज्य संघटना आणि जिल्हा संघटनांचे सर्व पदाधिकारी यांस,



मी कोल्हापूरचा एक निवृत्त पंच. पेठेच्या संघाकडून लेफ्ट हाफला खेळायचो. गुडघा गेला तेव्हा वय 29 होतं. मैदान सोडवेना म्हणून शिट्टी हातात घेतली, ती पुढे बावीस वर्षं गळ्यातून उतरली नाही. जिल्ह्याचा पंच झालो, राज्याचा झालो. राष्ट्रीय परीक्षेपर्यंत पोचलो तोवर वय निघून गेलं होतं. त्याचं दुःख उगाळायला हे पत्र लिहीत नाही, माझे दिवस झाले. आज पहाटे उठून पळणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय, आणि त्यांचं पुढे काय होणार ते ठरवणं तुमच्या हातात आहे म्हणून तुम्हाला लिहितोय.

आमच्याकडे विश्वचषक आला की गल्लीगल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. चौकात पडदा लागतो, मध्यरात्री चहाच्या किटल्या फिरतात. आणि दर चार वर्षांनी कुणीतरी लहान पोरगं हमखास विचारतं, "काका, आपला देश कधी खेळणार ओ?" त्या पोराला मी काय सांगू? आपला पुरुषांचा संघ कधी पोचेल ते मला सांगता येत नाही, आणि तुम्हालाही येत नाही. पण त्या मैदानावर भारतीय माणूस उभा राहण्याची आणखी एक वाट आहे. ती वाट पंचाची आहे. एक माणूस त्या वाटेने जाऊनही आला.

2002 साली कोरिया आणि जपानमध्ये विश्वचषक झाला. तिथे तमिळनाडूचे कोमलेश्वरन शंकर सहायक पंच म्हणून हातात झेंडा घेऊन टचलाइनवर उभे होते. आपला संघ पात्रता फेरीतच संपला होता, पण आपला माणूस तिथे होता. त्यानंतर 2006, 2010, 2014, 2018 आणि 2022 असे पाच विश्वचषक झाले. एकातही भारतीय पंच नव्हता. शंकर विश्वचषकाला गेले त्या वर्षी जन्मलेलं पोरगं आज वीस वर्षांच्या पुढे गेलं. त्यातलं एखादं आज हौसेने पंचगिरी करत असेल. त्याला शंकरांचं नाव ठाऊक आहे का, हे तुमच्यापैकी प्रत्येकाने आपल्या जिल्ह्यातल्या पंचांना एकदा विचारून बघावं. मी विचारलंय. दहातल्या आठांना नव्हतं.

संघ तयार करायचा तर अकरा माणसं लागतात, त्यांच्या पाठीमागे पन्नास, त्यांच्यामागे अकादम्या, लीग, पैसा, पिढ्या. पंचांचा चमू तिघांचा. म्हणूनच ज्या देशांचे संघ कधी विश्वचषकाच्या जवळपास फिरकले नाहीत, त्यांचे पंच तिथे पोचलेत. सेशेल्स हा एक लाखाच्या आसपास वस्तीचा बेटांचा देश, म्हणजे आमच्या इचलकरंजीपेक्षाही लहान. त्या देशाचा एडी मायेत 2010 साली दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकाचा पंच होता. 2006 ला जर्मनीत सिंगापूरचे शमसुल मैदीन होते. 2022 ला कतारमध्ये पुरुषांच्या विश्वचषकासाठी पहिल्यांदाच महिला पंच निवडल्या गेल्या, त्यांत रवांडाच्या सलिमा मुकानसांगा होत्या. त्यांचं शिक्षण परिचारिकेचं. त्याच वर्षी जानेवारीत आफ्रिकेच्या पुरुषांच्या स्पर्धेत सामना चालवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. रवांडाचा संघ विश्वचषकात कधी खेळलेला नाही.

या सगळ्यांत मला जास्त सांगायचंय ते उझबेकिस्तानच्या रवशान इर्मातोवबद्दल. 1977 चा जन्म. 2003 साली, पंचविशीतच, फिफाच्या यादीत नाव. 2010 च्या विश्वचषकाचा पहिला सामना, दक्षिण आफ्रिका विरुद्ध मेक्सिको, जोहान्सबर्गचं भरलेलं स्टेडियम, सगळ्या आफ्रिका खंडाचा पहिला विश्वचषक, आणि शिट्टी कुणाच्या हातात? ताश्कंदच्या या 32 वर्षांच्या माणसाच्या. त्याचा एक सहायक शेजारच्या किर्गिझस्तानचा होता. पुढे तीन विश्वचषकांत मिळून इर्मातोवने 11 सामने चालवले. तोवर इतके सामने कुठल्याही पंचाच्या नावावर नव्हते. उझबेकिस्तानचा संघ पहिल्यांदा पात्र ठरला तो 2026 च्या विश्वचषकासाठी. म्हणजे पंच संघाच्या सोळा वर्षं आधी जाऊन पोचला होता.

त्या सामन्यातला एक क्षण मी नव्या पंचांना नेहमी सांगतो. पहिल्या हाफमध्ये मेक्सिकोचा कॉर्नर आला. दक्षिण आफ्रिकेचा गोलकीपर चेंडूसाठी गोल सोडून पुढे आला. चेंडू उडाला, डोक्याला लागून मागे आला आणि कार्लोस वेलाने तो जाळ्यात घातला. मेक्सिकोचे खेळाडू उड्या मारायला लागले आणि तेवढ्यात सहायकाचा झेंडा वर गेला. ऑफसाइड. आमच्या चौकातली सगळी पोरं ओरडली, "अरे, गोलपोस्टपाशी एक जण उभा होता की!" होता, पण एकच होता. नियम 11 शेवटून दुसरा माणूस बघायला सांगतो. एरवी शेवटचा माणूस गोलकीपर असतो, त्यामुळे आपल्याला एक बॅक दिसला की पुरे वाटतं. इथे गोलकीपरच पुढे निघून आला होता, मागे राहिला एकटा बॅक. दोन माणसं पाहिजेत, मोजली तर भरतो एक. हा हिशेब सहायकाने पाव सेकंदात केला, साऱ्या जगासमोर, यजमान देशाचा पहिला सामना चालू असताना, आणि तो बरोबर होता. तेव्हा व्हीएआर, म्हणजे पडद्यावर बघून निर्णय तपासायची सोय, नव्हतं. तो झेंडा काही त्या दिवशी जोहान्सबर्गला आल्यावर शिकलेला नव्हता. त्याच्यामागे दहा-बारा वर्षांची लहान लहान मैदानं होती, प्रत्येक सामन्यानंतर कुणीतरी शेजारी बसून "इथे तू दोन पावलं मागे होतास" असं सांगितलेलं होतं.

आमच्या वाट्याला तेच आलं नाही. बावीस वर्षांत मी किती सामने चालवले त्याचा हिशेब ठेवला नाही, पण सामना झाल्यावर निरीक्षकाने बाजूला घेऊन माझी चूक मला नीट समजावून सांगितली, असं किती वेळा झालं ते मला पक्कं आठवतं. सहा वेळा. बाकी वेळा कागदावर गुण पडले असतील, ते कुठल्या फाइलला लागले कुणास ठाऊक. पोराला शाळेत पेपर परत मिळतो. पंचाला का मिळू नये?

आता वयाचा हिशेब तुमच्यापुढे मांडतो. फिफाच्या यादीत यायला पंच किमान 25 वर्षांचा हवा, सहायक 23 चा. देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये किमान दोन वर्षं नियमित काम केलेलं हवं. यादी दर वर्षी नव्याने होते, म्हणून तर फिफाच्या बिल्ल्यावर साल असतं, आणि त्या एका वर्षापुरताच तो छातीवर राहतो. यादीत आल्यावर आशियातल्या लहान स्पर्धा, मग मोठ्या, मग कधीतरी विश्वचषकासाठीच्या उमेदवारांत नाव. यात काही वर्षं सहज जातात. आता आपल्याकडे पंच होतो कोण? माझ्यासारखा, खेळणं संपलेला, तिशीला टेकलेला माणूस. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय असं करत तो पस्तिशी ओलांडतो. फिफाचा बिल्ला मिळालाच तर चाळिशीला. 45 च्या वयाची अट फिफाने काढून टाकली हे खरं, पण ज्याच्यावर दहा वर्षं मेहनत घ्यायची तो पंच निवडणारे चाळिशीतला कशाला निवडतील? इर्मातोव 32 व्या वर्षी विश्वचषकाचा पहिला सामना चालवत होता. 32 व्या वर्षी मी जिल्ह्याच्या दुसऱ्या गटाचे सामने चालवत होतो, आणि त्या वर्षी आमच्या तुकडीतला सगळ्यांत तरुण पंच मीच होतो.

म्हणून पहिली विनंती. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना, खेळत असतानाच, शिट्टी द्या. कोल्हापूरच्या तालमींमध्ये पोरांचा तोटा नाही. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, कुठेही जा, चेंडू पायात घेतलेलं पोर सापडतं. प्रत्येकजण काही अनिकेत जाधव होणार नाही. 2017 ला सतरा वर्षांखालचा विश्वचषक आपल्या देशात झाला तेव्हा आमचा अनिकेत भारताकडून खेळला आणि सगळं कोल्हापूर टीव्हीला चिकटलं होतं. पण त्याच्या वयाच्या बाकी शेकडो पोरांपैकी ज्यांना खेळ कळतो, पाय चालतात, डोकं थंड आहे, त्यांना दुसरी वाट आहे हे कुणी सांगितलंच नाही. शालेय स्पर्धांत बारा वर्षांच्या मुलांचे सामने सोळा वर्षांच्या पंचांनी चालवावेत, शेजारी माझ्यासारखा एक म्हातारा उभा राहील. पैसे नकोत, मी येईन. माझ्या ओळखीचे आणखी आठ-दहा जण येतील.

पळण्याबद्दल थोडं. बाहेरच्या माणसाला वाटतं पंच मैदानात नुसता हिंडतो. एका सामन्यात पंच दहा ते बारा किलोमीटर धावतो. फिफाच्या परीक्षेत पुरुष पंचाला आधी 40 मीटरच्या सहा दौडी, प्रत्येक सहा सेकंदांच्या आत, मध्ये एका मिनिटाची विश्रांती. मग 75 मीटर पंधरा सेकंदांत पळायचं आणि 25 मीटर अठरा सेकंदांत चालायचं. असं चाळीस वेळा. एकूण चार किलोमीटर, ट्रॅकच्या दहा फेऱ्या. एखाद्या दौडीत पाय रेषेपाशी उशिरा पोचला की आधी ताकीद, पुन्हा झालं की घरी.

पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावची एकोणीस वर्षांची पोरगी गेले आठ महिने ही परीक्षा एकटी पळतेय. जिल्हा पंचाची परीक्षा ती पास झाली आहे. तिचा ट्रॅक म्हणजे साखर कारखान्याकडे जाणारा डांबरी रस्ता. टेपने अंतर मोजून तिने रस्त्याच्या कडेला विटा मांडल्यात, विटांना चुना लावलाय, पहाटेच्या अंधारात दिसावा म्हणून. फोनवर शिट्टीचा आवाज रेकॉर्ड केलाय, तो कमरेच्या पट्ट्यात खोचते. पंधरा सेकंदांनी शिट्टी, अठरा सेकंदांनी शिट्टी. महिलांच्या परीक्षेत वेळ थोडी सैल असते, पण पुरुषांचे सामने चालवायचे तर पुरुषांची वेळ गाठावी लागते, म्हणून ही पहिल्या दिवसापासून पुरुषांच्याच वेळेवर पळते. मी एकदा जाऊन बघितलं. एकतिसाव्या दौडीला उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या लावलेला. ती कडेला चिखलात उतरली, ट्रॅक्टर जाऊ दिला, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. मी म्हटलं, "अगं, एकतिसापासून धर की." म्हणाली, "सर, परीक्षेत ट्रॅक्टर येणार नाही, पण सवलत पण कोण देणार नाही."

1 डिसेंबर 2022 ला कतारमध्ये कोस्टारिका-जर्मनी सामना फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार यांनी चालवला. दोन्ही टचलाइनवर ब्राझीलच्या नेउझा बाक आणि मेक्सिकोच्या कारेन दियाझ होत्या. पुरुषांच्या विश्वचषकात तिन्ही महिला, पहिल्यांदाच. त्या रात्री ही पोरगी सामना बघत होती, आणि तिने एकाही गोलचं नाव काढलं नाही. फ्रापार पेनल्टी बॉक्सच्या कुठल्या कोपऱ्यातून आत यायच्या, तेवढंच ती मला सांगत राहिली.

आणि आपल्याला लांब कशाला जायचंय? गोव्याच्या उवेना फर्नांडिस 2016 साली जॉर्डनमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या. त्याच वर्षी आशियाई महासंघाने त्यांचा गौरव केला. आपल्या कोकणपट्टीतली बाई, आपल्यासारखंच फुटबॉलवेडं राज्य. गोव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या मुलींसमोर त्यांना वर्षातून चार वेळा उभं करायला कितीसा खर्च येईल? एका रात्रीची रेल्वे किंवा बस, एक दिवसाचं शिबिर. माझ्या पन्हाळ्याच्या पोरीला त्यांचं नाव माहीत होतं. भेट मात्र कधी झाली नाही.

तिघांच्या चमूचाही विचार करा. 1986 च्या विश्वचषकात मॅराडोनाने हाताने गोल मारला, तेव्हा मुख्य पंच ट्युनिशियाचे अली बेन्नासर होते आणि लाइनवर बल्गेरियाचे बोग्दान दोचेव. दोन खंड, दोन भाषा. बेन्नासरांनी सहायकाकडे बघितलं, सहायक सेंटरकडे चालत गेला. पुढे आयुष्यभर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. आता विश्वचषकाला तिघे शक्यतो एकत्र काम केलेले, एका प्रदेशातले, एकमेकांच्या नजरेतलं कळणारे निवडतात. म्हणजे एक हुशार मुख्य पंच तयार करून भागत नाही. त्याच्याबरोबर दोन सहायक वर्षानुवर्षं एकाच चमूत राहायला हवेत. आपल्याकडे आज हा, उद्या तो, ज्याला सुट्टी मिळाली तो येतो.

सुट्टीचं निघालं म्हणून पैशांचंही बोलतो. आपले बहुतेक पंच दुसरी नोकरी सांभाळून हे काम करतात. शिक्षक, पोलीस, बँकेत, कारखान्यात. हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. 2010 च्या विश्वचषकाची अंतिम सामना चालवणारे हॉवर्ड वेब इंग्लंडमध्ये पोलीस सार्जंट होते. पण इंग्लंडने 2001 पासून वरच्या लीगच्या पंचांना पगारावर घेतलं, जपानने 2002 पासून व्यावसायिक पंचांची योजना सुरू केली. जपानचे युइची निशिमुरा 2014 च्या विश्वचषकाचा पहिला सामना चालवून आले. आपण 2014 ला इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, सुरू केली आणि सुरुवातीच्या हंगामांत परदेशी पंच आणले. आणले ते आणले, त्यांच्याकडून आपल्या पोरांनी काही शिकलं असेल तर चांगलंच. पण ज्या सामन्यातून आपला पंच घडायचा तो सामना दुसऱ्याच्या हाती गेला, एवढं लक्षात ठेवा.

2025 च्या जुलैमध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम स्थगित झाला. खेळाडूंच्या पगाराची काळजी सगळ्यांनी केली, करायलाच हवी होती. पण ज्याला सामन्यागणिक मानधन आहे, त्या पंचाच्या घरात काय झालं? सामना नाही तर पैसे नाहीत, आणि सामना नाही तर सरावही नाही. फिफाचा बिल्ला छातीवर असलेल्या माणसाला मोठा सामनाच मिळाला नाही तर तो आशियाच्या पातळीवर कुठल्या तोंडाने उभा राहणार? त्यात आपल्या लीगमध्ये व्हीएआर नाही. विश्वचषकाला निवडला जाणारा पंच व्हीएआरच्या पडद्यापुढे शेकडो तास बसलेला असतो. एका वर्षात सगळ्या मैदानांवर ते आणा असं मी म्हणणार नाही, खर्च मला कळतो. पण चांगल्या आठ-दहा पंचांना सिम्युलेटरवर बसवता येतं, मित्रदेशांच्या लीगमध्ये महिना-दोन महिने पाठवता येतं.

खालच्या पातळीवरची गोष्ट तर फार लहान आहे. माझ्या पहिल्या सामन्याचं मानधन पन्नास रुपये होतं आणि ते साडेतीन महिन्यांनी मिळालं, तेही मी तीनदा सायकल मारून गेल्यावर. आजची रक्कम वाढली असेल, पण उशीर तसाच आहे, हे मला आजचे पंच सांगतात. घरी बायको विचारते, "रविवार गेला, गाडीत पेट्रोल घातलं, बूट फाटले, मिळालं काय?" याला उत्तर नसतं. सामना संपला की त्याच संध्याकाळी मोबाईलवर पैसे जमा झाले पाहिजेत. आज भाजीवाली बाईसुद्धा तसे पैसे घेते.

आता जे लिहिताना हात जड होतो ते लिहितो. एका तालुक्याच्या गावी अंतिम सामना होता. एकोणनव्वदावं मिनिट, बरोबरी. यजमान संघाचा फॉरवर्ड ऑफसाइड होता, हातभर. माझ्या सहायकाने झेंडा वर केला, मी शिट्टी मारली. तो गोल झालाच नाही. पुढच्या मिनिटाला पाण्याची बाटली आली, मग चप्पल, मग दगड. माझ्या सहायकाला कपाळावर लागला. तो पोरगा तेव्हा तेवीस वर्षांचा होता. आम्हाला एका खोलीत कोंडून ठेवलं, बाहेरून कडी लावली, "तुमच्याच भल्यासाठी" म्हणाले. आत दिवा नव्हता. मी त्याच्या कपाळावर रुमाल दाबून बसलो होतो, रुमाल भिजत होता, आणि तो मला एकच विचारत होता, "सर, ऑफसाइड होता ना? होता ना?" रात्री साडेदहाला पोलिसांची गाडी आली. दुसऱ्या दिवशी आयोजकांपैकी कुणाचा फोनसुद्धा आला नाही. चषकाचं वाटप झालं, फोटो छापून आले. तो पोरगा पुन्हा कधी झेंडा घेऊन उभा राहिला नाही. त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. शपथेवर सांगतो, तो फिफापर्यंत गेला असता.

2005 मध्ये स्वीडनच्या आंदेर्स फ्रिस्क यांनी चेल्सी-बार्सिलोना सामन्यानंतर आलेल्या धमक्यांमुळे पंचगिरी सोडली. युरोपातला पहिल्या फळीचा पंच, घरच्या लोकांच्या जिवाला घोर लागला म्हणून घरी बसला. 11 डिसेंबर 2023 ला तुर्कस्तानात एका क्लबच्या अध्यक्षाने मैदानात उतरून हलिल उमुत मेलर या पंचाच्या तोंडावर बुक्की मारली. त्याच रात्री तिथल्या फेडरेशनने सगळ्या लीगचे सामने थांबवले. माझंही तुमच्याकडे तेच मागणं आहे. कुठल्याही जिल्ह्यात, कुठल्याही गल्लीतल्या स्पर्धेत पंचाच्या अंगावर हात पडला की ती स्पर्धा तिथेच थांबली पाहिजे. चषक परत कपाटात. आयोजक कितीही मोठा असो, त्याच्या पाठीशी कुणीही असो. दोन वर्षं असं केलंत तर तिसऱ्या वर्षी दगड उचलायच्या आधी बाजूचाच माणूस हात धरेल.

प्रेक्षकाला मी दोष देत नाही, निदान सगळा देत नाही. त्याला नियम कुणी सांगितलेत? 3 मार्च 2023 ला बेंगळुरूला आयएसएलच्या प्लेऑफमध्ये जादा वेळेत फ्री किक मिळाली. केरळा ब्लास्टर्सचे खेळाडू भिंत लावत होते, बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने तेवढ्यात चेंडू मारला, गोल. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. पुढे क्लबला चार कोटींचा दंड झाला, प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी आली. पण देशभर त्या रात्री भांडण एकाच गोष्टीवर चाललं होतं, पंचाने शिट्टी मारायच्या आधी फ्री किक मारता येते का? येते. भिंतीचे 9.15 मीटर हा मारणाऱ्या संघाचा हक्क आहे, तो त्याने मागितला नाही आणि पंचाने "शिट्टीची वाट बघ" असं सांगितलं नाही, तर चेंडू मारायला तो मोकळा आहे. आमच्या चौकात मी मध्यरात्री हे चाळीस लोकांना समजावून सांगत होतो. अशा रात्री महासंघाचा जाणता पंच अर्ध्या तासात टीव्हीवर असायला हवा, आणि शक्य तिथे मराठीत, मल्याळममध्ये, बंगालीत बोलायला हवा. हॉवर्ड वेब आज इंग्लंडच्या पंचांचे प्रमुख आहेत. ते टीव्हीवर बसून पंचांचं आपसातलं बोलणं लोकांना ऐकवतात, जिथे चूक झाली तिथे चूक म्हणतात. 2010 च्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या डी याँगने स्पेनच्या अलोन्सोच्या छातीवर मारलेली लाथ आपल्याला नीट दिसली नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. त्याने त्यांची पत गेली नाही. पंच चुकतो. मीही चुकलो, एकदा तर पेनल्टी नसताना दिली आणि एका संघाचा हंगाम त्यात गेला, ते मला अजून झोपेत दिसतं. पण चूक कबूल करायला पाठीशी संघटना उभी हवी. ती नसली की पंच गप्प बसतो, आणि गप्प बसलेल्या पंचाला लोक विकला गेलेला समजतात.

नियमांची पुस्तिका मराठीत, शाळकरी पोरालाही कळेल अशा भाषेत, दर वर्षीच्या बदलांसह छापा. लिहायला माणसं मी देतो. आमच्या जुन्या पंचांपैकी दोघे मराठीचे शिक्षक आहेत.

तुम्ही हे सगळं एका बैठकीत कराल असं मला वाटत नाही. 2034 च्या विश्वचषकाला सौदी अरेबियात एक भारतीय चमू न्यायचा असेल तर आज सतरा-अठरा वर्षांची असलेली पोरं आत्ता हाताशी धरावी लागतील, कारण तेव्हा ती पंचविशीच्या पुढे असतील आणि यादीत असतील. हिशेब अगदी घट्ट आहे. एक वर्ष वाया गेलं तर तो जुळणार नाही.

आणि एक गोष्ट अशी आहे की जिला ठराव लागत नाही, पैसा लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जो चारशे मीटरचा ट्रॅक आहे, त्याच्या फाटकाला सकाळी आठपर्यंत कुलूप असतं. पंच म्हणून नाव नोंदवलेल्यांना पहाटे पाचला आत सोडायचं पत्र तुमच्यापैकी कुणीही एक जण देऊ शकतो. ती पोरगी गावाहून पहिल्या एसटीने येईल, मी विचारलंय. राखणदाराशी माझं बोलणं झालंय, तो म्हणाला, "साहेबांचं पत्र आणा, किल्ली माझ्याजवळच असते."

आपला,
एक निवृत्त पंच,
कोल्हापूर